उपकारस्तुती करताना या चुका टाळा

दुःखावर आभाराचे पांघरूण घालणे ही ख्रिस्ती कुटुंबांत वारंवार घडणारी आणि फार उशिरा लक्षात येणारी चूक आहे. 1 थेस्सलनीकाकरांस 5:18 मध्ये प्रेषित पौल सर्व स्थितीत उपकारस्तुती करायला, म्हणजे देवाचे आभार मानायला सांगतो, आणि दफनविधी उरकून दोन दिवसही झालेले नसताना सांत्वनाला आलेली मंडळी नेमके हेच वचन त्या घरातल्या विधवेला ऐकवतात. ती बिचारी मान डोलावते, ‘प्रभूची इच्छा’ म्हणते आणि पुढे कित्येक महिने तिला प्रार्थनाच सुचत नाही. अशा वेळी आधी रडण्याला जागा द्यावी. स्तोत्र 13 ‘कोठवर?’ या तक्रारीने सुरू होते आणि गायनाने संपते, तर स्तोत्र 88 शेवटपर्यंत अंधारातच राहते, तरीही दोन्ही पवित्र शास्त्रात आहेत. योहानाच्या 11व्या अध्यायात येशू आपला मित्र लाजर याच्या मृत्यूने रडतो आणि अवघ्या सहा वचनांनंतर त्याच कबरेपाशी पित्याचे आभार मानतो. आपण मात्र अश्रूंचे वचन गाळून थेट आभारांवर येतो.

दुसरी चूक परूश्याची, म्हणजे धर्मनियम काटेकोर पाळणाऱ्या यहूदी पंथातल्या माणसाची. लूक 18 मधला परूशी आभारच मानत होता, पण शेजारच्या जकातदाराकडे बोट दाखवून. ‘आमची मुले फलाण्यांच्या मुलांसारखी वाया गेली नाहीत, प्रभूची स्तुती असो’ हे वाक्य त्याच घराण्यातले आहे. आपले आभार तपासायचे असतील, तर ते ‘फलाणे’ शेजारी बसलेले असतानाही तीच प्रार्थना मोठ्याने म्हणता येईल का, हे स्वतःला विचारावे.

‘सर्व आशीर्वादांबद्दल’ अशी ठोक प्रार्थना पाठ झाली असेल, तर महिनाभर ते शब्द बाजूला ठेवून त्या दिवशीची एकच गोष्ट नाव घेऊन सांगावी.

हंगामाच्या सणाला गावोगावच्या मंडळ्यांत, म्हणजे चर्चमध्ये, वेदीपुढे कणसे, भोपळे, अंडी, क्वचित पाय बांधलेली कोंबडीही येते आणि उपासनेनंतर त्यांचा लिलाव होतो. लिलावाला माझी हरकत नाही. त्यात मजा असते आणि मंडळीच्या निधीत भरही पडते. मात्र एका भोपळ्यावरून दोन घराण्यांत चढाओढ लागते, बोली जिंकणाऱ्याचे नाव माइकवरून पुकारले जाते आणि ओंजळभर तांदूळ आणणारी म्हातारी मागच्या मागे निघून जाते, तेव्हा सणाचे सूत्र सुटलेले असते. जुन्या करारातल्या अनुवाद या पुस्तकाच्या 26व्या अध्यायात प्रथमफळांची टोपली आणणारा शेतकरी आधी आपल्या पूर्वजांचे भटकेपण आणि मिसर देशातली गुलामी बोलून दाखवतो आणि मग लेवी (मंदिरसेवा करणाऱ्या वंशातले) व परदेशीय यांच्यासह आनंद करतो. आपल्याकडेही लिलावाआधी एकदोघांनी त्या वर्षीच्या पेरणीची, दुबार पेरणीची, विहिरीच्या पाण्याची हकिकत सांगावी आणि जमलेल्या धान्यातला काही भाग गरजू घरांसाठी बोली न लावताच बाजूला काढावा.

शेवटची चूक म्हणजे देवाचे आभार मानून माणसांना विसरणे. आजारातून उठलेला मनुष्य उपासनेत सर्वांसमोर दिलेल्या साक्षीत ‘प्रभूने बरे केले’ म्हणतो, पण रात्र रात्र उशाशी बसलेली बहीण आणि दवाखान्यासाठी पैसे उसने देणारा मेहुणा यांचा त्यात उल्लेखही नसतो. प्रिस्किल्ला आणि अक्विल्ला या सहकारी दांपत्याने आपल्यासाठी जीव धोक्यात घातला, म्हणून आपण त्यांचे आभारी आहोत, हे पौलाने रोमकरांस पत्रात नावानिशी लिहिले आहे. तेव्हा साक्षीला उभे राहण्याआधी त्या माणसांना भेटावे, आणि उसने पैसे ठरलेल्या मुदतीत परत करावेत. कारण उसनवारी थकवून दिलेली साक्ष ऐकणारा मेहुणा बहुधा त्याच उपासनेत मागच्या बाकावर बसलेला असतो.