बोअरचं पाणी वापरताय? थंडीआधी गिझर खोलून घ्या

नाशकात थंडी पडली की गिझरवाल्यांचे फोन सुरू होतात. "दादा, अर्धा तास झाला, पाणी कोमटच येतंय." माझा तर धंदाच हा. गिझर खोलला की बहुतेक वेळा दिसतं तेच: कॉइलवर बोटभर जाडीचा पांढरट-पिवळा थर आणि टाकीच्या तळाशी खपल्यांचा ढीग. पाणी तापताना गिझरातून कडकड आवाज येतो, तो या थराचाच. थराखाली कॉइल तापत राहते, पाण्याला उष्णता पोचत नाही, वीजबिल वाढतं आणि एक दिवस कॉइल जळते.

आधी आपल्या नळाला कुठलं पाणी येतं ते वॉचमनला विचारा. महापालिकेचं पाणी गंगापूर, मुकणे अशा धरणांतून येतं, ते बोअरपेक्षा बरंच हलकं असतं. बोअरचं पाणी आपल्या काळ्या खडकातून मुरत येतं आणि येताना कॅल्शियम, मॅग्नेशियमचे क्षार विरघळवून आणतं. असं पाणी म्हणजे जड पाणी, आणि तापलं की हेच क्षार कॉइलवर थर धरतात. अनेक सोसायट्यांत उन्हाळ्यात दोन्ही पाणी एकाच टाकीत सोडतात, त्यामुळे मार्चनंतर पुन्हा एकदा विचारा.

घरी तपासायचं तर पारदर्शक बाटलीत अर्धी बाटली पाणी घ्या, आंघोळीच्या साबणाचा थोडा कीस टाका आणि जोरात हलवा. फेस कमी आणि पाणी दुधाळ झालं तर क्षार जास्त. शाम्पू किंवा धुण्याची पावडर घेऊ नका, जड पाण्यातही त्यांचा फेस होतो. टीडीएस मीटर सगळेच विरघळलेले क्षार मोजतो, त्यातून जडपणा नेमका कळत नाही. आकडा हवा असेल तर प्रयोगशाळेत 'टोटल हार्डनेस' तपासून घ्या. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात लिटरला 200 मिलिग्रॅमपर्यंत ठीक धरलंय, दुसरी सोयच नसेल तर 600 पर्यंत. तुरटी फिरवून गढूळपणा बसतो, जडपणा जात नाही.

आता गिझर. पाणी जितकं जास्त तापतं तितका थर लवकर बसतो, म्हणून नॉब शेवटपर्यंत फिरवू नका. 50-55 अंशांवर आंघोळ छान होते. बोअरचं पाणी असेल तर वर्षातून एकदा, दिवाळीच्या आधी, गिझर खोलून घ्या. मेकॅनिक आला की नुसतं बटण नाही, एमसीबी, म्हणजे विजेच्या बोर्डातला सुरक्षा-स्विच, खाली करायला सांगा. कॉइल हातोडीने ठोकू देऊ नका, वरचं आवरण तडकतं. लिटरभर गरम पाण्यात दोन मोठे चमचे सायट्रिक ॲसिड घालून कॉइल त्यात बुडवून ठेवायची, थर फसफसून सुटतो. वायरची टोकं मात्र कोरडी राहिली पाहिजेत. सोबत असलेला मॅग्नेशियमचा ॲनोड रॉड झिजून काडीसारखा झाला असेल तर तो बदलाच, कारण टाकी गंजू नये म्हणून तो स्वतः झिजतो. गॅस्केट, म्हणजे गळती रोखणारी रबरी चकती, नवीनच टाका. शेवटी गरम पाण्याचा नळ उघडून सलग धार येऊ द्या, मगच वीज चालू करा. रिकाम्या टाकीत कॉइल काही मिनिटांत जळते.

नळाची धार वाकडी झाली असेल तर तोंडाची जाळी काढून तासभर व्हिनेगरमध्ये ठेवा. मशीनमध्ये कपडे कडक निघत असतील तर पावडरीबरोबर चमचाभर धुण्याचा सोडा टाका. बोअरच्या पाण्यात तूरडाळ शिजत नसेल तर डाळीपुरतं आरओचं पाणी घ्या.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. बाथरूममधले पांढरे डाग काढायला टॉयलेटचं ॲसिड नळांवर ओतू नका, क्रोम जातं. आणि शहाबादी, कोटा, कडप्पा, संगमरवर यांवर व्हिनेगर किंवा लिंबूसुद्धा नको. या फरश्या चुन्याच्याच दगडाच्या, ॲसिड डागाबरोबर फरशीही खातं आणि चकाकी कायमची जाते. तिथे नरम कापड, साबण आणि रोज पाणी पुसून घेणं एवढंच करा. ॲसिड आणि ब्लीच एकत्र तर कधीच नाही, विषारी वायू होतो.

सोसायटीत सॉफ्टनर, म्हणजे पाण्याचा जडपणा काढणारं यंत्र, बसवायचा विषय निघाला तर मी हो म्हणेन, पण त्यात मीठ वेळेवर कोण भरणार ते आधी ठरवा. मीठ संपलं की यंत्र चालू दिसतं आणि पाणी जडच येतं. पिण्याची आणि झाडांची लाइन त्यातून वेगळी काढा, कारण त्या पाण्यात सोडियम वाढतं.