जुन्या गाड्यांचे फोटो काढताना आधी गुडघे टेका

मुंबईत हॉर्निमन सर्कलला रॅलीसाठी व्हिंटेज गाड्या जमल्या की लोक उभ्याउभ्या फोटो काढतात. तेवढ्या उंचीवरून गाडीचं बॉनेट आणि टप दिसतं, तिचा रुबाब नाही. खाली बसा. लेन्स हेडलाइटच्या उंचीला आली, की तीच गाडी अंगावर येते.

त्याआधी वेळेचं गणित. रॅली सुटण्याच्या निदान तासभर आधी पोहोचा. ऊन कोवळं असतं, गर्दी नसते, मालक फडक्याने शेवटचा हात फिरवत असतात. हीच खरी कमाईची वेळ. मागे काय येतंय तेही बघा: दगडी कमानी १९३०च्या गाडीला शोभतात, प्रायोजकाचा फ्लेक्स नाही. बहुतेक वेळा दोन पावलं सरकलं की काम होतं.

आता कोन. पुढच्या एका कोपऱ्यातून, म्हणजे तोंड आणि एक बाजू दोन्ही येतील असं उभं राहा. मालकाला विनंती करून स्टिअरिंग थोडं वळवून घ्या. पुढच्या चाकाच्या तारा दिसायला हव्यात, टायरची नक्षी नको. मोबाइल गाडीला चिकटवू नका, नाक फुगल्यासारखं येतं. पाचसहा पावलं मागे जाऊन २एक्स झूम वापरा. जुन्या मुंबईची, ‘बीएम’ अक्षरांनी सुरू होणारी नंबरप्लेट असेल तर ती फ्रेमबाहेर जाऊ देऊ नका.

काळ्या गाडीवर कॅमेरा हमखास फसतो आणि काळ्याचं करडं करून ठेवतो. उजेड थोडा कमी करा; मोबाइलवर गाडीवर बोट टेकवून पट्टी खाली ओढली की झालं. काचेवरची आणि रंगावरची चमक लेन्सवर लावायच्या पोलरायझर फिल्टरने मरते, क्रोमवरची मात्र मरत नाही. तिथे उपाय एकच, कपडे गडद घाला. पहिल्या वर्षी माझ्या फोटोतल्या प्रत्येक हबकॅपमध्ये, म्हणजे चाकाच्या मधल्या चकचकीत झाकणात, माझाच पिवळा टी-शर्ट हसत होता!

गाड्या सुटल्या की शटर स्पीड १/३० ते १/६० सेकंदावर आणा आणि गाडीबरोबर कॅमेरा फिरवत राहा. १/१००० ला चाकं गोठतात, धावती गाडी पार्क केल्यासारखी दिसते. दहातले आठ फोटो वाया जातील, जाऊ द्या.

ट्रॅक्टरचा हिशेब वेगळा. फर्ग्युसन टीई२० घ्या: १९४६ ते १९५६ या काळात इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीला असे पाच लाखांहून जास्त ट्रॅक्टर बनले. बुटका, करडा, समोरून अगदी साधा. त्याची करामत मागे आहे. थ्री पॉइंट लिंकेजची, म्हणजे अवजार तीन ठिकाणी जोडून तेलाच्या दाबाने उचलणारी हायड्रॉलिक लिफ्ट, जिच्या तत्त्वावर आपल्या शिवारातला ट्रॅक्टर आजही नांगर उचलतो. म्हणून हा फोटो मागून, जमिनीलगत घ्या. चिखल, ग्रीस, झिजलेली सीट येऊ द्या. कामाच्या यंत्राला हे शोभतं. करडा रंग भर दुपारी मरगळतो, तेव्हा सकाळ किंवा संध्याकाळच धरा. इंजिन चालू असेल तर पट्ट्यापासून आणि फिरत्या शाफ्टपासून लांब राहा, कॅमेऱ्याचा पट्टा गळ्यात लोंबत ठेवू नका.

धूर हवा असेल तर उभ्या सायलेन्सरमागे गडद झाडी शोधा. पांढऱ्या आभाळावर पांढरा धूर दिसतच नाही.

प्रत्येक गाडीचा शेवटचा फोटो कंपनीच्या पितळी पाटीचा काढा. घरी आल्यावर सगळे करडे ट्रॅक्टर सारखेच दिसतात.