गावातल्या संगणकावर सॉफ्टवेअर बसवणे सोपे कसे करावे

वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी तालुक्यात आमच्या गावच्या वाचनालयात चार जुने संगणक आहेत आणि चारही डेबियन या मोफत लिनक्स प्रणालीवर चालतात. त्यांवर नवीन सॉफ्टवेअर बसवण्यासाठी सिनॅप्टिक आणि जीनोम सॉफ्टवेअर ही दोन चित्रमय साधने आहेत. २०२३ साली आलेल्या डेबियन १२ मध्ये ६४,४१९ पॅकेजेस, म्हणजे बसवायला तयार सॉफ्टवेअरचे गठ्ठे, होती. एवढे मोठे कोठार फुकट हाती असताना गावातल्या माणसाला त्यातली एक वस्तू स्वतः शोधून घेता येत नसेल, तर दोष त्या माणसाचा नाही, हे आधी मान्य करावे लागते. ज्यांच्यावर अशा संगणकांची जबाबदारी आहे, त्यांच्यासाठी हे मार्गदर्शन आहे.

कोणतीही मांडणी बदलण्याआधी एक तास माणसाशेजारी शांत बसावे. त्याला सॉफ्टवेअरचे नाव सांगू नये, काम सांगावे. आणि माऊसला हात लावण्याचा मोह आवरावा. बचत गटातल्या एक काकू ऑनलाइन अर्जासाठी फोटोची साइज कमी करायला आल्या होत्या. त्यांनी शोधाच्या चौकटीत ‘फोटो लहान करणे’ असे नीट टाइप केले, रिकामी पाटी आली, आणि त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या, “भाऊ, हे तं काहीच नाही म्हणून राहिलं जी.” फोटो लहान करून देणारे गिम्प त्याच कोठारात होते. माणूस कुठे थांबला, त्याने कोणते शब्द टाइप केले आणि कोणते बटण दाबायला तो घाबरला, हे त्याच्याच शब्दांत वहीत उतरवावे. पुढच्या सगळ्या सुधारणा या वहीतूनच निघतात.

जीनोम सॉफ्टवेअर अ‍ॅपस्ट्रीम नावाच्या माहितीवर चालते. प्रत्येक अ‍ॅपचे नाव, एका ओळीचा सारांश, वर्णन आणि शोधशब्द त्या माहितीत असतात, आणि शोध त्यांतच घेतला जातो. ज्या पॅकेजची अशी माहितीच नाही, ते तिथे दिसत नाही. म्हणून एखादे पॅकेज तिथे सापडले नाही, तर ते सिनॅप्टिकमध्ये शोधावे. शोधशब्द मराठीत येईपर्यंतचा उपाय साधा आहे. संगणकाशेजारी एक कागद चिकटवावा, डावीकडे काम आणि उजवीकडे अ‍ॅपचे नाव: अर्ज लिहिणे – लिब्रेऑफिस रायटर; फोटो लहान करणे – गिम्प; लहान मुलांचे खेळ – जीकॉम्प्री; आकाशातले तारे – स्टेलेरियम. डावीकडची भाषा वहीतलीच असावी. ‘प्रतिमा संपादन’ असे लिहिले तर तो कागद कोणी वाचणार नाही.

आता डेटा आणि वीज. शहरात बसून ही साधने बनवणाऱ्यांच्या ध्यानात या दोन गोष्टी सहसा येत नाहीत, आणि आमच्याकडे सगळे त्यांवरच अडते. वाचनालयाचे इंटरनेट म्हणजे कोणाच्या तरी मोबाइलचा हॉटस्पॉट. म्हणून नेटवर्कच्या सेटिंगमध्ये त्या जोडणीपुढचा ‘मीटर्ड’ हा पर्याय चालू करावा. मग जीनोम सॉफ्टवेअर आपणहून अपडेट उतरवत बसत नाही. एकच अ‍ॅप डेबियनच्या कोठारातून आणि फ्लॅटपॅक (कोणत्याही लिनक्सवर चालणारा वेगळा गठ्ठा) म्हणून अशा दोन ठिकाणांहून मिळत असेल, तर अ‍ॅपच्या पानावर स्रोत निवडता येतो. पहिले फ्लॅटपॅक अ‍ॅप आपल्यासोबत शेकडो एमबीचा पायाभूत संच आणते, म्हणून हॉटस्पॉटवर असताना डेबियनचाच स्रोत निवडावा.

मोठे काम सिनॅप्टिकमधून दोन टप्प्यांत करावे. पॅकेजवर खूण करून ‘अप्लाय’ दाबले की एक गोषवारा येतो आणि त्यात किती एमबी उतरवायचे आहेत ते लिहिलेले असते. तिथेच ‘डाउनलोड पॅकेज फाइल्स ओन्ली’ असा चौकोन आहे. त्यात टिचकी मारली की फाइली फक्त उतरतात, बसत नाहीत. उतरवताना लाईन गेली तरी बिघडत नाही, कारण अर्धवट फाइल पुढे तिथूनच सुरू होते. बसवताना गेली तर मात्र पॅकेज अर्धवट राहते. म्हणून रात्री नेटला वेग असताना उतरवून घ्यावे आणि लाईन टिकण्याची खात्री असेल त्या वेळी बसवावे. ‘प्रेफरन्सेस’मधील ‘फाइल्स’ या पानावर उतरवलेल्या फाइली राखून ठेवण्याचा पर्याय निवडलेला असला, तर त्याच फाइली पेनड्राइव्हवर घेऊन बाकीच्या तीन संगणकांवर ‘फाइल’ मेनूतल्या ‘अ‍ॅड डाउनलोडेड पॅकेजेस’ने वापरता येतात. चारही संगणकांवर डेबियनची आवृत्ती आणि पॅकेजची यादी सारखी असली पाहिजे. वाचनालयात नेटच नसेल, तर त्याच मेनूतले ‘जनरेट पॅकेज डाउनलोड स्क्रिप्ट’ वापरावे. त्यातून तयार होणारी फाइल तालुक्याच्या गावी लिनक्स असलेल्या दुसऱ्या संगणकावर चालवली की हवी ती पॅकेजेस उतरतात. पॅकेजची यादी जुनी असेल तर त्या फाइलीतले पत्ते चुकतात, तेव्हा स्क्रिप्ट बनवण्याआधी यादी ताजी करून घ्यावी.

त्याच गोषवाऱ्यात काय बसणार आणि काय काढले जाणार, याही याद्या असतात. काढले जाणाऱ्यांच्या यादीत आपण न सांगितलेले एकही नाव दिसले, तर काम रद्द करून ते नाव वहीत लिहावे, हा नियम आमच्याकडे दहावीतल्या मुलांनाही पाठ आहे. २०२१ मध्ये लायनस सेबॅस्टियन या यूट्यूबरने पॉप ओएस या दुसऱ्या लिनक्स प्रणालीवर स्टीम हे खेळांचे सॉफ्टवेअर बसवायला घेतले. चित्रमय साधनाने नकार दिला, पण नकाराचे कारण त्याला समजेल अशा शब्दांत सांगितले नाही. तो टर्मिनलकडे, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीकडे, गेला, तिथला इशारा त्याने ओलांडला, आणि त्याचा सगळा डेस्कटॉपच निघून गेला. माझ्या मते खरी चूक त्या पहिल्या, न उलगडलेल्या नकारात होती.

बसवताना लाईन गेलीच, तर पुढच्या वेळी सिनॅप्टिक उघडताच डीपीकेजीचे, म्हणजे पॅकेज बसवणाऱ्या आतल्या साधनाचे, काम मध्येच थांबल्याचे सांगते आणि टर्मिनलमध्ये एक आज्ञा टाइप करायला लावते. हा संदेश पाहून संगणक बिघडला असे समजून मुले तो बंद करून निघून जातात. ती आज्ञा अक्षरन् अक्षर मोठ्या अक्षरांत कार्डावर लिहून मॉनिटरला अडकवावी, आणि खाली ‘संगणक बिघडलेला नाही, काम अर्धे राहिले आहे’ असे मराठीत लिहावे. आमच्याकडे या दुसऱ्या ओळीचाच जास्त उपयोग झाला.

वही भरली की ती गावातच पडून राहू देऊ नये. अ‍ॅपच्या अ‍ॅपस्ट्रीम फाइलीत प्रत्येक शोधशब्दापुढे भाषेची खूण लावता येते, आणि मराठीची खूण ‘एमआर’ ही दोन अक्षरे आहे. फोटोच्या अ‍ॅपला ‘फोटो’, ‘छायाचित्र’ आणि ‘लहान करणे’ हे तिन्ही शब्द द्यावेत, कारण तिन्ही टाइप करणारी माणसे आहेत. जीनोमच्या अ‍ॅप्सची भाषांतरे त्यांच्या ‘डॅम्ड लाइज’ या संकेतस्थळावरून भाषावार गटांमार्फत होतात. इतर अ‍ॅप्ससाठी त्या त्या प्रकल्पाला लिहावे लागते. भाषांतर करताना ‘अवलंबित्व’ टाळावे आणि ‘सोबत लागणारे भाग’ म्हणावे. सिनॅप्टिकमध्ये काढण्याचे दोन प्रकार आहेत. साध्या प्रकारात सेटिंगच्या फाइली राहतात, संपूर्ण प्रकारात त्याही पुसल्या जातात. हा फरक मराठी शब्दांतून कळला पाहिजे: ‘काढा, सेटिंग राहू द्या’ आणि ‘सेटिंगसह काढा’. शब्द पाठवण्याआधी ते काकूंसारख्या दोघा-तिघांना वाचायला द्यावेत आणि बटण दाबल्यावर काय होईल ते त्यांनाच विचारावे. त्यांचे उत्तर चुकले, तर तो शब्द बदलावा.