जुने वेगवान आउटबोर्ड इंजिन पुन्हा पाण्यात उतरवताना या चुका टाळा

मर्क्युरी या अमेरिकी कंपनीचे ‘मार्क ७५’ हे आउटबोर्ड इंजिन १९५७ साली बाजारात आले. एकावर एक रचलेले सहा सिलिंडर, लिटरभराहून थोडे कमी आकारमान आणि ६० अश्वशक्ती, एवढी ताकद बोटीच्या मागच्या फळीला अडकवायच्या इंजिनात तोवर कोणी विकायला ठेवली नव्हती. पुढच्याच वर्षी ह्यू एन्ट्रॉप यांनी याच इंजिनाच्या शर्यतीसाठी घडवलेल्या आवृत्तीवर सिएटलच्या लेक वॉशिंग्टनमध्ये ताशी १०७ मैलांहून अधिक वेगाचा विक्रम केला. १९७६ मध्ये मर्क्युरीचे १७५ अश्वशक्तीचे ‘ब्लॅक मॅक्स’ आणि जॉन्सन-एव्हिनरूडचे २०० अश्वशक्तीचे अशी दोन व्ही-६ इंजिने, म्हणजे व्ही आकारात मांडलेल्या सहा सिलिंडरांची इंजिने, आली. १९८९ मध्ये ॲरिझोनातील पार्कर येथे बॉब वॉर्टिंगर यांनी जॉन्सन आणि एव्हिनरूड बनवणाऱ्या ओएमसी कंपनीच्या व्ही-८ इंजिनावर ताशी १७६.५५६ मैल, म्हणजे सुमारे २८४ किलोमीटर, इतका वेग नोंदवला.

ती पिढी आता संपली आहे. प्रदूषणाच्या नियमांनी कार्ब्युरेटरवर चालणारी टू-स्ट्रोक इंजिने मागे पडली, ओएमसी २००० च्या डिसेंबरात दिवाळखोरीत गेली आणि एव्हिनरूड आउटबोर्डचे उत्पादन २०२० मध्ये थांबले. तरीही अमेरिकेतील तळ्याकाठच्या शेडमधून ही इंजिने बाहेर निघतात, विकली जातात, दुरुस्त होतात, कारण वजनाच्या मानाने त्यांची ताकद आजही थक्क करणारी आहे आणि सहा सिलिंडरांचा चढत जाणारा तो कर्कश सूर फोर-स्ट्रोकमधून निघत नाही. दुःख एवढेच की यांतली बरीचशी इंजिने चाळीस वर्षे धूळ खात असताना खराब होत नाहीत, ती खराब होतात पुन्हा सुरू झाल्यानंतरच्या पहिल्या तासात. मंद गतीवर असे इंजिन जवळजवळ काहीही खपवून घेते आणि पूर्ण थ्रॉटलवर काहीच खपवून घेत नाही. पुढच्या बहुतेक चुकांचे मूळ या एका गोष्टीत आहे.

‘सुरू झाले’ म्हणजे ‘बरे झाले’ असे समजणे

खरेदी करताना विक्रेता पिंपात इंजिन चालवून दाखवतो, धूर निघतो, आवाज येतो आणि सौदा होतो. पिंपातल्या त्या आवाजावरून प्लगमध्ये ठिणगी आहे आणि थोडेफार पेट्रोल पोहोचते आहे, एवढेच कळते. त्याआधी सर्व स्पार्क प्लग काढून, प्लगच्या तारा इंजिनाच्या धातूला जोडून आणि थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून प्रत्येक सिलिंडरचे कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टन आत निर्माण करतो तो दाब, मोजावे. तारा लोंबकळत ठेवून इंजिन फिरवल्यास इलेक्ट्रॉनिक इग्निशनचे भाग जळू शकतात, आणि ते आता सहज मिळत नाहीत. आकडा किती आला यापेक्षा सिलिंडरांमधला फरक महत्त्वाचा असतो. तो दहा टक्क्यांहून जास्त असेल तर एग्झॉस्टचे झाकण उघडून पोर्टमधून, म्हणजे सिलिंडरच्या भिंतीतल्या धूर जाण्याच्या छिद्रातून, पिस्टनची बाजू पाहावी. तेथे उभे ओरखडे दिसले, तर आकडा कितीही चांगला असला तरी त्यावर विश्वास ठेवू नये.

ओळख पटवण्यातही घोळ होतो. झाकण, स्टिकर आणि रंग कोणीही बदलू शकतो, त्यामुळे सिलिंडर ब्लॉकवरील गोल धातूच्या बुचावर कोरलेला क्रमांक पाहावा. १९८० नंतरच्या जॉन्सन आणि एव्हिनरूडच्या मॉडेल क्रमांकात वर्ष अक्षरांत लपवलेले असते. ‘इंट्रोड्यूसेस’ (INTRODUCES) या इंग्रजी शब्दाच्या दहा अक्षरांना क्रमाने एक ते नऊ आणि शेवटी शून्य अशी किंमत दिलेली असल्याने ‘सीडी’ म्हणजे १९८६. शिवाय १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत अश्वशक्ती क्रँकशाफ्टवर मोजून छापत असत आणि त्यानंतर प्रोपेलरच्या शाफ्टवर, म्हणून १९७८ चे १५० आणि १९८८ चे १५० हे एकच १५० नव्हे.

मार्क ७५ घेणाऱ्याने आणखी एक गोष्ट जाणून घ्यावी. ‘गिअर पडत नाही, आत काहीतरी तुटले आहे’ अशी तक्रार त्याच्याबद्दल हमखास ऐकू येते. त्यात न्यूट्रल नाही आणि रिव्हर्स गिअरही नाही. मागे जायचे असेल तर इंजिन बंद करून उलट्या दिशेने पुन्हा सुरू करावे लागते. धक्क्याला लागताना सारी भिस्त त्या पुन्हा सुरू होण्यावर असते, म्हणून ज्या मार्क ७५ चे गरम असताना सुरू होणे बेभरवशाचे आहे, ते घेऊन गर्दीच्या मरिनात शिरू नये.

पेट्रोल आणि तेल

या भागाला मी सर्वाधिक जागा देतो आहे, कारण सर्वाधिक पिस्टन येथेच जातात.

टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोल जाळण्याबरोबरच वंगण पोहोचवण्याचे आणि काही प्रमाणात पिस्टन थंड ठेवण्याचेही काम करते. मिश्रणात पेट्रोल कमी पडले की तिन्ही कामे एकदम बिघडतात. मंद गतीवर याची चाहूल लागत नाही, उलट इंजिन जास्त तडफेने धावते आहे असेच वाटते. सत्तरच्या दशकातल्या एका सहा सिलिंडरच्या इंजिनाबाबत मी स्वतः ही चूक केली होती. थ्रॉटल उघडल्यावर बोट अशी काही निघाली की मी खूश होतो, आणि दोन मिनिटांनी तिचा वेग हळूच उतरला. किनाऱ्याला येऊन प्लग काढले, तेव्हा चौथ्या प्लगच्या पांढऱ्या चिनी मातीवर मिरपुडीसारखे बारीक चमकदार दाणे चिकटलेले होते. ते दाणे पिस्टनच्या वितळलेल्या ॲल्युमिनियमचे होते.

कारण साधे होते. कार्ब्युरेटर बाहेरून धुतले होते, पण त्यांचे मुख्य जेट, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारे बारीक भोकाचे भाग, मी काढून पाहिले नव्हते. कित्येक वर्षे आत राहिलेले पेट्रोल सुकून मधाच्या रंगाचा चिकट राळेसारखा थर बनतो आणि जेटचे भोक केसभर अरुंद करतो. ते भोक उजेडासमोर धरून पाहावे. फवारा मारून बुजवणी निघते या समजुतीवर फार पैसे गेले आहेत.

आजच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असते. अमेरिकेत बहुतेक पंपांवर दहा टक्के आणि भारतात आता वीस टक्क्यांपर्यंत. जुन्या रबरी नळ्या आणि पंपाचे पडदे त्याने मऊ पडतात. जुन्या कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोलची पातळी राखणाऱ्या बुचाच्या (कॉर्कच्या) तरंगकावर लाखेचा लेप असतो, तो इथेनॉलमध्ये विरघळतो आणि तरंगक पेट्रोल पिऊन जड होतो. याहून घातक गोष्ट टाकीत घडते. इथेनॉल पाणी शोषून घेते, आणि पाणी प्रमाणाबाहेर गेले की दोघे मिळून वेगळे होऊन तळाशी बसतात. टू-स्ट्रोकचे तेल मात्र वरच्या पेट्रोलबरोबर राहते, आणि इंजिन टाकीच्या तळातून ओढत असल्यामुळे त्याला वंगणाचा थेंबही नसलेले द्रव मिळते. इथेनॉलविरहित पेट्रोल मिळत असेल तर ते वापरावे, नसेल तर ताजे भरावे आणि हंगाम संपताना टाकी व कार्ब्युरेटर रिकामे करावेत.

तेलाचे प्रमाण इंजिनाच्या वयानुसार ठरते. १९६० च्या दशकाच्या मध्यापूर्वीच्या पुष्कळ इंजिनांना २४ भाग पेट्रोलला एक भाग तेल लागते, म्हणजे दहा लिटरला सुमारे ४१७ मिलिलिटर. पुढे ५० ला एक, म्हणजे दहा लिटरला २०० मिलिलिटर, हे प्रमाण रूढ झाले. शर्यतीच्या अनेक इंजिनांना मात्र नंतरच्या काळातही २५ ला एक लागते. सगळ्यांना ५० ला एक चालवणे ही सर्रास आढळणारी चूक आहे. तेल टीसी-डब्ल्यू-३ प्रतीचेच, म्हणजे पाण्याने थंड होणाऱ्या टू-स्ट्रोक इंजिनांसाठीचे, घ्यावे. मोटारसायकलचे टू-स्ट्रोक तेल जळल्यावर राख सोडते, आणि गार पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनात ती राख पिस्टनवर व प्लगवर साठून अकाली प्रज्वलन घडवते.

पूर्ण थ्रॉटलवर इंजिन दम टाकू लागले तर लगेच इग्निशनला दोष देऊ नये. सोबत्याला टाकीच्या नळीवरचा रबरी फुगा दाबायला सांगावा. दाबताच फेरे परत चढले, तर ठिणगी ठीक आहे आणि पेट्रोलचा पुरवठा तोकडा आहे. फुगा आपोआप चपटा होत असेल तर अडथळा टाकीच्या बाजूला आहे. फुगा जागच्या जागी असून इंजिन दमत असेल तर पंपाचा पडदा फाटला असावा किंवा नळीच्या सांध्यातून हवा शिरत असावी. शंका उरलीच, तर पंपापाशी वीतभर पारदर्शक नळी जोडावी, बुडबुडे डोळ्यांना दिसतात.

पाण्याची धार

इंजिनामागून उडणारी पाण्याची बारीक धार दिसली की माणूस निश्चिंत होतो. धार म्हणजे पंप पाणी ढकलतो आहे, याचा पुरावा. ते पाणी प्रत्येक सिलिंडरभोवती फिरते आहे, याचा नव्हे. पंपातले रबरी पात्यांचे चाक, म्हणजे इम्पेलर, जुनेच ठेवून इंजिन सुरू करणे अक्षम्य आहे, कारण रबराची पाती एका बाजूला दबून कायमची वाकलेली असतात. बदलताना तुटलेल्या पात्यांचे तुकडे मोजावेत. सहापैकी दोन पाती गायब असतील, तर ते तुकडे वर ब्लॉकच्या पाणवाटांत अडकले आहेत आणि नवा इम्पेलर बसवून उपयोग नाही. कोरडे इंजिन काही सेकंददेखील फिरवू नये. पाणी घेण्याच्या छिद्रांवर कानटोप्यासारखे साधन लावून नळाच्या पाण्यावर चालवताना फेरे वाढवू नयेत. प्रोपेलरवर पाण्याचा भार नसलेले टू-स्ट्रोक हाताबाहेर जाऊन स्वतःला फोडून घेऊ शकते.

वेगासाठी इंजिन फळीवर उंच चढवण्याचा मोह सर्वांना होतो. प्रोपेलर अर्धवट पाण्याबाहेर चालला की गिअरकेसचे, म्हणजे प्रोपेलरच्या गिअरभोवतीच्या पाण्याखालील आवरणाचे, ओढणे कमी होते आणि बोट पळते, हे खरे. पण साध्या गिअरकेसची पाणी घेण्याची छिद्रे बाजूला, वरच्या अंगाला असतात आणि ती हवा ओढू लागतात. शर्यतीच्या गिअरकेसमध्ये ती नाकाशी खाली असतात, ती उगाच नव्हे. पाण्याच्या दाबाचा मापक बसवल्याशिवाय इंजिन बोटभरही वर घेऊ नये.

गिअरचे तेल दुधाळ निघाले तर सील गेले आहे, आणि बॅटरीची तार चालू इंजिनावर काढली तर बॅटरी भरण्यासाठी वीज एकदिश करणारा रेक्टिफायर जातो. या दोन गोष्टींवर अधिक लिहिण्याची गरज नाही.

ताकद इंजिनाची, भार बोटीचा

साठ वर्षांच्या बोटीच्या मागच्या फळीतले लाकूड फायबरच्या आत कुजलेले असू शकते. इंजिनाचा खालचा भाग धरून वर-खाली हलवावा. फळी वाकताना दिसली तर बेत तेथेच थांबवावा. अमेरिकेत १९७० च्या दशकापासून वीस फुटांखालील बोटींवर कमाल अश्वशक्तीची पाटी असते. त्या पाटीकडे दुर्लक्ष करून व्ही-६ टांगणाऱ्यांचे मला कौतुक वाटत नाही. विशिष्ट वेगानंतर अशी बोट डावी-उजवीकडे डोलू लागते आणि सुकाणूच्या एकेरी केबलमधला ढिलेपणा ते डोलणे वाढवत नेतो.

प्रोपेलर निवडताना छापील पिचवर (एका फेऱ्यात प्रोपेलरने पुढे जायचे अंतर) अवलंबून न राहता हिशेब करावा. इंजिनाचे फेरे भागिले गिअर गुणोत्तर, गुणिले पिच इंचांत, भागिले १०५६, म्हणजे ताशी मैल. ६००० फेरे, १.८७ गुणोत्तर आणि २४ इंच पिच यांचे उत्तर सुमारे ७३ येते. प्रत्यक्षात वेग ५५ च भरला, तर प्रोपेलर फार घसरतो आहे. फेरेच ६००० पर्यंत चढत नसतील, तर पिच जास्त आहे, आणि अशा ओढाताणीत इंजिन पूर्ण थ्रॉटलवर ठेवणे म्हणजे पिस्टनवर घाव घालणे होय.

पहिल्या धावेसाठी शांत आणि मोकळे पाणी निवडावे. इंजिन बंद करणारी दोरी अंगाला बांधावी. २६ फुटांखालील बोटींवर अमेरिकेत ती १ एप्रिल २०२१ पासून सक्तीची आहे. पूर्ण थ्रॉटलवर काही सेकंद धावून, थ्रॉटल मिटवण्याआधीच इंजिन बंद करावे आणि सर्व प्लग काढून अंड्यांच्या खोक्यात सिलिंडरांच्या क्रमाने मांडावेत. सगळे सारख्या तपकिरी रंगाचे असतील तर पुढची धाव घ्यावी, आणि सहापैकी एकच पांढराफटक दिसला तर बोट वल्ह्याने किनाऱ्याला आणून त्या सिलिंडरला पेट्रोल पुरवणारा कार्ब्युरेटर उघडावा.