विसरायला लागल्यावर ब्राह्मी, हळद, गिंको? या चुका टाळा

आमची आत्या इंदूरला रामबागेत राहते. गेल्या वर्षी तिने दूधवाल्याला एकाच सकाळी दोनदा पैसे दिले आणि घरात उपायांची रांग लागली. पुण्याहून गिंको (एका चिनी झाडाच्या पानांचा अर्क) आलं, शेजारच्या काकूंनी ब्राह्मी दिली आणि हळदीच्या कॅप्सूल मी नेल्या. पुढच्या चुकांत माझा वाटा मोठा आहे.

सगळ्यात महागात पडली ती तपासणीआधी गोळ्या सुरू करण्याची चूक. आत्या जन्माची शाकाहारी, त्यात मधुमेहासाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन. दोन्हींमुळे बी-१२ जीवनसत्त्व कमी पडू शकतं आणि त्यानेही माणूस विसरायला लागतो. पालक-मेथी कितीही खाल्ली तरी त्यातून ते मिळत नाही. आम्ही मात्र तीन महिने कॅप्सूल मोजत बसलो! बी-१२ आणि थायरॉइडची रक्ततपासणी आधी करून घ्या. ओळखीचा रस्ता चुकायला लागला असेल तर थेट मेंदूविकारतज्ज्ञ गाठा.

"झाडपाल्याचंच तर आहे, डॉक्टरांना काय सांगायचं?" हे आत्याचं म्हणणं. ती रक्त पातळ करणारी गोळी घेते आणि गिंकोने रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो. बरं, फायदा तरी? २००८ साली निकाल आलेल्या अमेरिकेतल्या चाचणीत ७५ आणि त्यापुढच्या वयाचे ३,०६९ जण होते. निम्म्यांना रोज २४० मिलिग्रॅम गिंको दिलं, सुमारे सहा वर्षं पाहिलं. डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) काही टळला नाही.

हळदीत कर्क्युमिन (ज्याच्यासाठी या कॅप्सूल घेतात ते द्रव्य) असतं जेमतेम तीन टक्के, तेही अंगी फारसं लागत नाही. मिरीने शोषण वाढतं. पण मिरीचा अर्क घातलेल्या कॅप्सूलमुळे इतर औषधांचंही वाढू शकतं, आणि अशा कॅप्सूलनंतर यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. वरणातली हळद खुशाल चालू द्या.

ब्राह्मी घेताना नाव नीट विचारा. बाजारात नीरब्राह्मी आणि मंडूकपर्णी, दोन्ही त्याच नावाने खपतात. छोट्या चाचण्यांत आठवण थोडी सुधारलेली दिसली ती नीरब्राह्मीची, तीही साधारण बारा आठवड्यांनी. आठवडाभर घेऊन 'गुण नाही' म्हणू नका.

महागड्या ब्लूबेरीचा हट्टही सोडा. तिच्यातलं जांभळं रंगद्रव्य आपल्या जांभळातही आहे. त्यापेक्षा रक्तदाब, साखर आणि कान तपासा. आणि पोह्यांवरची शेव जरा आवरा (इंदूरकरांना हे सांगणं म्हणजे भांडण).

बी-१२ ची इंजेक्शनं सुरू झाली, दुधाचा हिशेब आत्याकडे परत आला. चष्मा अजून शोधते. आतोबा म्हणतात, तो ती लग्नापासून शोधतेय.