जुनी स्ट्रॅट घेताय? आधी चार स्क्रू काढा

आमच्या दुरुस्तीच्या टेबलावर निम्मे प्रश्न फोनवरच येतात. ‘काका, भाचा अमेरिकेत आहे, त्याला फेंडर कंपनीची १९६३ची स्ट्रॅटोकास्टर ही इलेक्ट्रिक गिटार मिळतेय. मागच्या प्लेटवर ‘एल’ने सुरू होणारा नंबर आहे, घेऊ दे का?’ नंबर सगळ्यात शेवटी बघायचा. मान बॉडीला जोडणारी ती प्लेट चार स्क्रूंवर बसते, पाच मिनिटांत बदलता येते.

लिओ फेंडरला गिटार वाजवता येत नव्हती. कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनमध्ये त्याचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं, आणि १९५४ साली आलेली ही गिटारही त्याच डोक्याने केलेली: मान खराब झाली की स्क्रू काढा, दुसरी लावा. दुरुस्तीवाल्याला याहून सोयीचं काय असणार! पण त्यामुळेच या गिटारींची इतकी अदलाबदल झाली. गिटारवादक एरिक क्लॅप्टनची ‘ब्लॅकी’ तर तीन जुन्या स्ट्रॅटचे निवडक भाग जोडून झालेली. २००४च्या लिलावात ती ९,५९,५०० डॉलरला गेली. तुमचा विकणारा क्लॅप्टन नाही, तेव्हा जोडगिटारीला अस्सल गिटारीचा भाव देऊ नका. प्रत्येक भागाचं वय वेगळं काढायचं.

तारा पूर्ण सैल करा. त्याआधी पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावला की त्या खुंट्यांवरून सुटत नाहीत. नीट बसणारा दोन नंबरचा फिलिप्स स्क्रूड्रायव्हर घ्या, स्क्रूची डोकी खाऊ नका. मान निघाली की तिच्या टाचेवर, म्हणजे बॉडीत बसणाऱ्या टोकावर, शिक्का दिसेल (१९६२च्या सुरुवातीपर्यंत पेन्सिलीने लिहीत). समजा ‘२ मार्च ६३ बी’ असं आहे. त्यातला २ म्हणजे दोन तारीख नव्हे, तो त्या वेळचा स्ट्रॅटचा मॉडेल-आकडा. बी ही मानेची रुंदी. घेणारे ती ‘बी ग्रेड’ म्हणून घासाघीस करताना मी ऐकलेत. तिथेच मानेवर चिकटवलेल्या रोजवूडच्या पट्टीचा जोड बघा. १९६२च्या मध्यापर्यंत पट्टी जाड आणि तळाला सपाट असे, नंतर पातळ आणि वळलेली. ६३च्या मानेवर सपाट जोड दिसला तर थांबा.

आता पिकगार्ड (तारांखालची प्लॅस्टिकची प्लेट) उघडा. पॉटच्या, म्हणजे आवाज-टोनच्या बटणाखालच्या भागाच्या, पाठीवर ३०४६३१८ असा आकडा असेल तर ३०४ म्हणजे स्टॅकपोल कंपनी, ६३ साल, १८वा आठवडा. पॉट गिटारीपेक्षा थोडा जुना चालतो, नवा चालत नाही. (साठच्या दशकाच्या शेवटच्या गिटारीत ६६चे पॉट सर्रास सापडतात, एकदाच ढिगाने घेतले होते.) आकडा डाखाखाली लपला असेल तर डाख सोडवू नका. न हललेला जुना डाख करडा, मळकट असतो, आणि त्या मळकटपणालाच किंमत आहे.

खरी फसवणूक रंगात. १९६४पर्यंत रंगवताना बॉडीला छोटे खिळे ठोकत आणि रंग वाळल्यावर उपटत, म्हणून पिकगार्डखालच्या त्या भोकांत कोरं लाकूड दिसायला हवं. भोकांत रंग उतरलाय? मग तो नंतरचा. बाजाराच्या हिशेबात अशी गिटार साधारण निम्म्यावर येते. लाल रंगाला तर दोनदा तपासा. ब्रिटनमध्ये अमेरिकन गिटारींच्या आयातीवर बंधनं होती, त्यामुळे त्या तिथे सहज मिळत नसत. १९५९ साली गायक क्लिफ रिचर्डने त्याचा गिटारवादक हँक मार्व्हिनसाठी एक लाल स्ट्रॅट मागवली, आणि मार्व्हिनला ‘द शॅडोज’ या बँडमध्ये वाजवताना बघून तिथल्या पोरांना तसलीच हवीशी झाली. त्या हट्टापायी दुसऱ्या रंगावर लाल चढवलेल्याही सापडतात.

एवढं जुळलं तरच प्लेटचा नंबर वाचा. एलचे नंबर साधारण १९६२ अखेर ते १९६५चे. जानेवारी १९६५मध्ये फेंडर कंपनी सीबीएस या अमेरिकन प्रसारण कंपनीने १.३ कोटी डॉलरना घेतली. त्यानंतरची वाईटच असते असं म्हणणाऱ्यांना मी वाजवून दाखवतो. भाव मात्र आधीच्यालाच.

आणि ती भारतात आणायची असेल तर एक कटकट आहे. त्या काळचं रोजवूड बहुधा ब्राझीलचं, आणि ते १९९२पासून ‘साइट्स’ या धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या कराराच्या पहिल्या परिशिष्टात आहे. गिटार त्याआधीची आहे असा दाखला अमेरिकेच्या फिश अँड वाइल्डलाइफ खात्याकडून घ्यावा लागतो. टाचेवरच्या शिक्क्याचा स्वच्छ फोटो तिथे उपयोगी पडतो, म्हणून मान पुन्हा बसवण्याआधी तो काढून ठेवायला भाच्याला सांगा.