बारावीचे गुण, हवे ते महाविद्यालय आणि मधली धास्ती

बारावीत गुण कमी पडले म्हणून हव्या त्या महाविद्यालयाचा नादच सोडायचा, असा निर्णय घरातल्या घरात परस्पर झालेला मी सोलापुरात जवळजवळ दर उन्हाळ्यात पाहतो. हा निर्णय घेण्यापूर्वी एक प्रश्न विचारावा: त्या महाविद्यालयाच्या प्रवेशात बारावीचे गुण उंबरठ्याचे आहेत की शिडीचे? उंबरठा म्हणजे किमान पात्रता. तो एकदा ओलांडला की वर किती गुण मिळाले याची चौकशी सहसा होत नाही. शिडी म्हणजे गुणवत्ता यादी. तिच्यावर एकेका गुणाने नाव वर किंवा खाली सरकते. बहुतेक घरांतली धास्ती ही उंबरठ्याच्या गुणांना शिडीचे गुण समजल्यामुळे निर्माण झालेली असते.

महाराष्ट्रातील अभियांत्रिकी प्रवेशासाठी एमएचटी-सीईटी ही राज्याची सामायिक प्रवेश परीक्षा दिलेल्या खुल्या वर्गातील विद्यार्थ्याला बारावीला भौतिकशास्त्र, गणित आणि तिसरा ग्राह्य विषय मिळून 45 टक्के आणि राज्यातील राखीव प्रवर्गातील विद्यार्थ्याला 40 टक्के गुण असले की पुरते. पुढचा क्रम सीईटीच्या पर्सेंटाइलवर लागतो. वैद्यकीय प्रवेशात नीट या देशपातळीवरील प्रवेश परीक्षेचे 720 पैकी गुण हीच शिडी असून बारावीचे 50 टक्के, राखीव प्रवर्गासाठी 40 टक्के, एवढाच उंबरठा आहे. आपल्या येथील डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही याला अपवाद नाही. दिल्ली विद्यापीठात 2022 पासून पदवीचे प्रवेश सीयूईटी या विद्यापीठांच्या सामायिक प्रवेश परीक्षेच्या गुणांवर होतात. आयआयटीचा उंबरठा मात्र उंच आहे: बारावीला 75 टक्के, अनुसूचित जाती-जमाती व दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी 65 टक्के, किंवा आपल्या मंडळाच्या वरच्या 20 पर्सेंटाइलमध्ये नाव. याउलट ज्या कला, वाणिज्य, विज्ञान महाविद्यालयांत प्रवेश परीक्षा नसते आणि बारावीच्या टक्केवारीवर यादी लागते, तेथे हेच गुण शिडी होतात आणि तेथील काळजी खरी असते.

दोन वर्षांपूर्वी विडी घरकुल वसाहतीतील एक विद्यार्थिनी निकालाच्या दुसऱ्या दिवशी वही घेऊन माझ्याकडे आली. वहीत रसायनशास्त्राच्या 52 या आकड्याभोवती लाल पेनाने इतके गोल काढले होते की कागद मागच्या बाजूने फाटला होता. "सर, माझं पुणं गेलं," एवढेच ती म्हणाली. मी तिला त्याच पानावर तिन्ही विषयांची बेरीज करायला सांगितली: 52, 61 आणि 58, म्हणजे 300 पैकी 171, म्हणजे 57 टक्के. अभियांत्रिकीचा 45 टक्क्यांचा उंबरठा होता 135 गुणांचा. तो ओलांडून ती 36 गुणांनी आत आली होती आणि जिच्यावर पुण्याचे ठरणार होते त्या सीईटीचा निकाल अजून लागायचाच होता. रडणे लगेच थांबले असे नाही. परंतु त्यानंतरचे तिचे प्रश्न कागदपत्रांविषयी होते, आणि ते विचारण्याची ती नेमकी वेळ होती.

तेव्हा पहिले काम असे करावे. एका कागदावर आपल्या मनातील तीन महाविद्यालये लिहून प्रत्येकापुढे उंबरठा कोणता, शिडी कोणती आणि आपण दोन्हींच्या तुलनेत कुठे आहोत, हे त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेतून उतरवून घ्यावे. शेजाऱ्यांच्या मुलाने सांगितलेला आकडा त्या कागदावर लिहू नये. पर्सेंटाइल म्हणजे टक्केवारी नव्हे, हेही घरातील थोरांना एकदा शांतपणे समजावून द्यावे. सीईटीतील 92 पर्सेंटाइल याचा अर्थ त्या सत्रात परीक्षा दिलेल्यांपैकी 92 टक्के विद्यार्थ्यांचे गुण आपल्याइतके किंवा आपल्याहून कमी आहेत, असा होतो. 200 पैकी 184 गुण मिळाले, असा होत नाही.

दुसरे काम म्हणजे मागील वर्षाची कटऑफ यादी, म्हणजे शेवटचा प्रवेश कितीवर झाला याची यादी, वाचणे. ते चुकीच्या पद्धतीने केले तर धास्ती वाढते. यादीतील ‘जीओपनएच’, ‘एलओपनओ’ यांसारखी अक्षरे नीट पाहावीत. सुरुवातीचा ‘जी’ सर्वसाधारण जागांचा, ‘एल’ मुलींसाठी राखीव जागांचा; मधला भाग प्रवर्गाचा; शेवटचा ‘एच’ गृहविद्यापीठाचा, ‘ओ’ बाहेरच्या विद्यापीठातील विद्यार्थ्यांचा आणि ‘एस’ राज्यस्तरीय जागांचा. दहावी-बारावी महाराष्ट्रातून झालेल्या विद्यार्थ्याचे गृहविद्यापीठ तो बारावी जिथून उत्तीर्ण झाला त्या ठिकाणावरून ठरते. सोलापुरातून बारावी झालेल्याचे गृहविद्यापीठ पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ, त्यामुळे सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न असलेल्या महाविद्यालयाच्या यादीत त्याने ‘ओ’चा रकाना पाहायचा असतो, तेथील ‘एच’चा आकडा पाहून हर्ष किंवा खेद दोन्ही करू नये. सीओईपी तंत्रशास्त्र विद्यापीठासारख्या संस्थेत जागा राज्यस्तरीय असल्याने रकाना ‘एस’चा. आणखी एक गोष्ट पालकांच्या सहसा लक्षात येत नाही: मुलाला बारावीसाठी लातूरला पाठवले आणि तो तिथून उत्तीर्ण झाला, तर त्याचे गृहविद्यापीठ नांदेडचे होते. तसे करणे चूक नाही, पण सोलापुरातील महाविद्यालय हवे असेल तर हा हिशेब अकरावीलाच मांडावा.

आता ज्यांचे गुण खरोखरच अडले आहेत त्यांच्याविषयी. निकाल अनपेक्षित वाटला तर गुणपडताळणी आणि पुनर्मूल्यांकन यांतील फरक ओळखावा. पडताळणीत बेरीज चुकली आहे का, एखाद्या उत्तराचे गुण पहिल्या पानावर उतरवायचे राहिले आहेत का, हे पाहिले जाते. पुनर्मूल्यांकनात उत्तर पुन्हा तपासले जाते आणि त्यासाठी आधी उत्तरपत्रिकेची छायाप्रत घ्यावी लागते. छायाप्रत हाती आल्यावर पुनर्मूल्यांकनाच्या अर्जासाठी पाचच कामकाजाचे दिवस असतात, म्हणून ती त्याच दिवशी विषयशिक्षकांकडे न्यावी. माझ्या वर्गातील एका मुलाच्या पुरवणीतील चार गुण पुढे उतरवले गेले नव्हते. छायाप्रत मागवली म्हणून ते कळले. मात्र मनासारखे गुण पडले नाहीत एवढ्याच कारणाने सगळ्या विषयांचे अर्ज करत सुटणे मला पटत नाही. उंबरठाच ओलांडला गेला नसेल, तर मंडळाच्या श्रेणीसुधार योजनेतून पुन्हा परीक्षेला बसण्याची सोय आहे.

जे अजून बारावीत शिकत आहेत त्यांनी प्रात्यक्षिकांकडे काणाडोळा करू नये. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र या प्रत्येक विषयात 100 पैकी 30 गुण प्रात्यक्षिकाचे असतात, आणि जानेवारीतील सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा आटोपली की ती परीक्षा दारात उभी राहते. यात्रेला जरूर जावे. जर्नल मात्र त्याआधी पूर्ण करून सही घेऊन ठेवावे. सीईटीच्या प्रश्नपत्रिकेत अकरावीचा वाटा सुमारे 20 टक्के व बारावीचा 80 टक्के असतो आणि चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडू नये.

गुणांच्या काळजीत कागदपत्रे मागे पडतात, ही माझी जुनी तक्रार आहे. जातवैधता प्रमाणपत्र किंवा त्या वर्षासाठी वैध असलेले नॉन-क्रीमीलेअर वेळेवर हाती नसेल तर विद्यार्थी खुल्या वर्गात ढकलला जातो आणि दहा गुण वाढवूनही जे नुकसान भरून निघणार नाही ते एका कागदाने होते. जातवैधतेचा अर्ज अकरावीतच करावा. सेतू कार्यालयातील रांग जूनमध्ये किती वाढते हे ज्याने पाहिले आहे त्याला याचे कारण सांगावे लागणार नाही.

शेवटी पर्यायांची यादी, म्हणजे प्रवेशासाठी पसंतीक्रमाने भरायची महाविद्यालये. स्वप्नातल्या महाविद्यालयाची कटऑफ आपल्या पर्सेंटाइलच्या बरीच वर असली तरी ते सर्वांत वर लिहावे; जागा गुणवत्ता क्रमांकानुसार मिळतात, वर लिहिल्याने खालच्या पर्यायांची संधी कमी होत नाही. उलटी काळजी मात्र घ्यावी: 2025-26 च्या अभियांत्रिकी प्रवेशात पहिल्या फेरीत पहिला, दुसरीत पहिल्या तिनांपैकी आणि तिसरीत पहिल्या सहांपैकी पर्याय मिळाला की तोच स्वीकारावा लागे, म्हणून ज्या ठिकाणी जायचेच नाही ते नाव या जागांवर भरतीला लिहू नये. शक्य असल्यास यादी पक्की करण्यापूर्वी पालकांसह एक दिवस काढून सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसने पुण्याला जावे, वसतिगृह आणि खाणावळ पाहावी, दुसऱ्या वर्षाच्या एखाद्या विद्यार्थ्याशी बोलावे आणि संध्याकाळच्या हुतात्माने परत यावे. परतीच्या प्रवासात यादीतला क्रम बदलून आलेली मुले मी पाहिली आहेत.